थोरल्याची फाईल

खोटं कशाला सांगू, त्या दुपारी शेंडेफळाला पळताना बघूनच धाप लागली असती! परदेशी शिकायला आलेल्या पाच जणांच्या घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव चिकटलं होतं.

त्या घराची एक रीत होती. कराचं विवरणपत्र भरायची वेळ आली की थोरल्याची फाईल काढायची आणि नाव बदलून रकाने जसेच्या तसे उतरवायचे. थोरला इथे सात वर्षं मुरलेला. त्याने 'रहिवासी' या चौकटीत खूण केली ते बरोबरच होतं. पण बाकीचे दोन-तीन वर्षांपूर्वी आलेले, त्यांचा फॉर्मच वेगळा! सकाळी कॉलेजातल्या करसल्लागार बाईंनी तिचा कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"तू रहिवासी कधीपासून झालीस गं?"

बाईंनी समजावलं, आज टपालाचा शिक्का पडला तर चूक आपणहून सुधारली असं धरतात. उद्यापासून तो गुन्हा, आणि मग इथे राहायचा शेवटच्या वर्षाचा परवाना विसरायचा. बाईंसमोर बसूनच तिने नवा फॉर्म भरला, शाईने सही ठोकली आणि तीन कोरे फॉर्म मागून घेतले.

पासपोर्टची प्रत घ्यायला ती घरी आली, तर सगळे गाद्यांवर पसरलेले.

"इतक्या वर्षांत कोणी विचारलंय का?" थोरला म्हणाला. "निजलेल्या सापाला कशाला डिवचतेस?"

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. मेंढरं मेली!

"फॉर्म टेबलावर आहेत. पाचला खिडकी बंद होते," असं ओरडून ती निघाली. बस डोळ्यांदेखत गेली, तेव्हा ती पळतच सुटली. टपालकचेरीत ही मोठी रांग! तिचा नंबर लागला तेव्हा पाचाला सहा मिनिटं कमी होती.

धाप्प! शिक्का पडला. तिला खिडकीवरच्या बाईंचा मुकाच घ्यावासा वाटला. सुटले बाई!

बाईंनी झडप ओढायला हात घातला, आणि शेंडेफळाला काचेच्या दारापलीकडे तिघं धावत येताना दिसले. मागे थोरला, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

तिने कोपर खिडकीत खुपसलं. "बाई, थांबा! आमचं घर येतंय!"

"अख्खं?"

"अख्खं!"

बाईंना हसू आवरेना. थोरल्याने तिघांची पाकिटं हिसकावून घेतली आणि एकेक उघडून पाहिलं. एकावर सहीच नव्हती. "शहाण्या, सही कोण करणार, तुझे तीर्थरूप?" त्याने पेन पुढे केलं. धाप्प, धाप्प, धाप्प! घड्याळात पाच वाजले.

"तुझं तर बरोबरच होतं," शेंडेफळ म्हणाली. "तू कशाला पळत आलास?"

"फाईल माझी होती ना?" त्याने घाम पुसला, पिशवीतून ती जाडजूड फाईल काढली आणि तिच्या हातात दिली. "पुढच्या वर्षापासून तुझी चालेल."

"अजिबात नाही! ज्याने त्याने आपला फॉर्म आपण वाचून भरायचा. मी नुसती तपासणार."

थोरल्याने खाली वाकून दुसरी चप्पल पायात घातली.

"बरं, ताई," तो म्हणाला.