खाऊच्या कपाटाची किल्ली

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. दात झिजलेत, पण तोंड अजून शाबूत आहे, म्हणून बोलते. मित्रांनो, किल्लीच्या नशिबी तिजोरी असावी, निदान एखादं भक्कम दार तरी असावं. माझ्या नशिबी काय आलं असेल? बिस्किटांचं कपाट! ऐकून हसू येतं ना? पण पुढे जे घडलं, ते आठवलं की अजून माझं पितळ गार पडतं.

मला घडवलं एका कुलुपवाल्यानं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. त्यानं कानशीनं माझा एकेक दात घासला, फुंकर मारून कीस उडवला आणि सहा लिव्हरच्या कुलपात मला फिरवून पाहिलं. टक्! त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "हे कुलूप उघडणारा अजून जन्माला यायचाय," असं तो शेजारपाजाऱ्यांना सांगायचा. मीही फुशारून जायचे. विकायला म्हणून मला खिळ्यावर टांगलं होतं, पण विकायची वेळच आली नाही.

त्याची बायको बस चालवायची. लांबलचक शहरी बस, सकाळची पहिली फेरी तिची. ते मोठं चाक हातात आलं की राणी झाल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. एक दिवस ती डेपोतून आली आणि मटकन खुर्चीत बसली.

"अहो, वजन फार वाढलंय म्हणाले डॉक्टर. पुढच्या तपासणीपर्यंत उतरलं नाही तर मला तिकीट खिडकीवर बसवणार. बस काढून घेणार माझ्याकडून!"

कुलुपवाला हादरला. बायकोवर त्याचा जीव होता, यात शंका नाही. पण माणसाला जे येतं तेच तो करतो. गळणाऱ्या नळापासून रडणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यावर याच्याकडे एकच औषध, कुलूप! त्यानं बिस्किटं, केक, जॅम, साखर, तळलेले काप असं सगळं एका कपाटात कोंबलं, वर माझं कुलूप ठोकलं आणि मला दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातलं.

"आता बघतोच वजन कसं वाढतं ते!"

"मी काय चोर आहे का हो?" ती पुटपुटली. पण बस हातची जाईल या भीतीनं गप्प बसली.

आठवडे गेले. ती घरच्या काट्यावर चढली आणि मला धक्काच बसला. वजन वाढलं होतं! कपाटातली बिस्किटं जागच्या जागी, आणि काटा मात्र पुढे. कुलुपवाल्याचं तोंड पांढरंफटक पडलं. वजनापेक्षा त्याला वेगळीच शंका खाऊ लागली. "माझ्या घरात माझंच कुलूप कोणीतरी तारेनं उघडतंय!" मग त्यानं धंद्यातली जुनी युक्ती केली. कुलपाच्या भोकात मेणाचा पातळ थर लावला. तार घातली की मेणावर ओरखडा उठणारच. रोज सकाळी तो भिंग घेऊन भोकात डोकावायचा. मेण गुळगुळीत! ओरखडा म्हणून नाही! अरे देवा, मग हे वजन येतं तरी कुठून? मी त्याच्या गळ्यात लोंबकळत विचार करायचे आणि माझंच डोकं गरगरायचं.

आता त्या घरातली एक रीत सांगते. रात्री-अपरात्री कोणाची किल्ली आत राहिली, कोणाचं दार अडकलं की लोक कुलुपवाल्याला फोन करत. तो फोन असायचा बायकोच्या उशाशी. का? तर कुलुपवाला एकदा झोपला की ढोल बडवला तरी उठायचा नाही. फोन वाजला की ती उठायची, पत्ता विचारायची, नवऱ्याला गदागदा हलवायची. तो जाऊन यायचा, पडल्या पडल्या घोरायला लागायचा आणि उन्हं वर येईपर्यंत झोप भरून काढायचा. ती मात्र छताकडे बघत पडायची, आणि पहाटे बस काढायला निघायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलंच नाही.

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी डेपोतून निरोप आला, ताबडतोब या. कुलुपवाला चपला न घालताच धावला. मी त्याच्या छातीवर आपटत होते.

डेपोच्या दवाखान्यात ती बसली होती. शेजारी तिची नणंद, म्हणजे कुलुपवाल्याची बहीण. ती तिथे नर्स होती.

"माझा डोळा लागला हो," ती म्हणाली. "बस थांब्यावर उभी होती. पाय ब्रेकवरून सुटला. बस पुढे गेली आणि बाकावर चढली. लाकडाचा चुरा झाला! त्या बाकावरचे आजोबा नुकतेच उठून बसच्या दारापाशी आले होते. नुकतेच हो!"

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. नणंदेनं वहिनीला काट्यावर उभं केलं. वजन आणखी वाढलेलं.

"अशक्य!" तो ओरडला. "कपाट बंद आहे. मेणावर ओरखडासुद्धा नाही!"

"कसलं मेण?" त्यानं सगळं सांगितलं तशी बहीण डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत राहिली. "दादा, तू वहिनीच्या खाण्याला कुलूप लावलंस? धन्य आहे तुझी!" मग ती वळली. "वहिनी, सलग झोप शेवटची कधी झाली?"

वहिनी आठवत राहिली. आठवता आठवता तिचे डोळे भरून आले. "नाही गं आठवत."

"आणि खातेस कुठे?"

"इथेच, कँटीनमध्ये. क्रीमचे पाव. भूक नसते, तरी हात जातो. गोड खाल्लं की जरा तरतरी येते, मग पुन्हा डोळे मिटतात. पूर्वी चालत घरी जायचे, आता तेवढंही त्राण नसतं."

"अगं, झोप अपुरी पडली की भूक खवळते, पोट भरलं तरी 'पुरे' असं वाटत नाही, आणि मन गोड-तळलेल्याकडेच धावतं. तुझी जीभ चोरटी नाही, तुझी झोप चोरीला गेलीय. दादा, तू भलत्याच दाराला कुलूप लावलंस!"

सहा लिव्हरचं कुलूप, वर मेणाचा पहारा, आणि चोर रोज रात्री कुलुपवाल्याच्याच अंथरुणात वाजत होता! मी तर रोज तिथेच होते, तरी मला उमगलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला काही काळ बसवरून उतरवलं. त्याच संध्याकाळी कुलुपवाला पलीकडच्या गल्लीतल्या कुलुपवाल्याकडे गेला. त्याचं नाव काढलं तरी याच्या कपाळाला आठी पडायची. "रात्रीची गिऱ्हाइकं आजपासून तुझी," एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून परतला. मग त्यानं दुकानात एक लाकडी पेटी केली, आत फोन ठेवला, कपाटाचं कुलूप काढून पेटीला लावलं आणि मला बायकोच्या हातावर ठेवलं.

"चुकलो गं. आता हिची मालकीण तू."

पहिल्या रात्री ती अशी झोपली की सकाळी कुलुपवाल्यानंच घाबरून तिच्या नाकापाशी हात धरून पाहिला.

कपाट आता सताड उघडं होतं. मला वाटलं, झालं, दोन दिवसांत फडशा पडणार! कसलं काय! काही आठवड्यांनी कुलुपवाल्यानं डबा उघडला तर बिस्किटं तशीच, वारा लागून सादळलेली. तो त्या मऊ बिस्किटाकडे आ वासून बघत राहिला. मीही.

पुढच्या तपासणीत वजन थोडंच उतरलं होतं. जादू काही झाली नाही. अजून ताटाकडे बघावं लागणार, चालावं लागणार. पण तिच्या टक्क जाग्या डोळ्यांकडे बघून डॉक्टरांनी बस परत दिली. आता मी तिच्या पिशवीत असते. रोज रात्री पेटीच्या कुलपात एकदा फिरते, टक्, आणि घर शांत होतं.

मित्रांनो, एवढंच सांगते. कोणाच्या ताटावर पहारा बसवण्याआधी त्याला झोप मिळते का, ते बघा. झोपेचा चोर कुलूप फोडून येत नाही. त्याला आपणच उशाशी घेऊन झोपलेलो असतो.