शेजारणीचा रक्तदाब

बाईंच्या टेबलावरचा मी, रक्तदाब मोजणारं यंत्र, बोलतोय. घाबरू नका, तुमचा दंड आवळणार नाही. आज फक्त मन मोकळं करायचं आहे.

आम्ही शंभर भावंडं कारखान्यातून एकदमच निघालो. आरोग्य केंद्राने आम्हाला एकट्या राहणाऱ्या शंभर वृद्धांना वाटलं, सोबत फोन दिला आणि तो वापरायला शिकवलं. मी मोजायचं, फोनने तो आकडा केंद्राला आणि मुलाबाळांना कळवायचा. अशाने म्हाताऱ्यांची तब्येत किती सुधारते, ते केंद्राला वर्षभर पाहायचं होतं.

मी आलो एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे. पहिल्याच दिवशी खरं बोललो, एकशे अठ्ठ्याऐंशी. पाच मिनिटांत दूर राहणाऱ्या मुलाचा फोन.

"आई, पुन्हा असा आकडा दिसला तर घर विकायचं आणि इकडे यायचं. मी काही ऐकणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाडी केली. वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवणकाकूंना हाक गेली. त्या घरी ब्लाउज शिवतात.

"तुझा हात दे गं जरा."

गुबगुबीत दंड, निवांत ठोके. एकशे बावीस. फोनवर हिरवा ठिपका. जन्मभर मुलांची कॉपी पकडणाऱ्या बाई रोज सकाळी कॉपी करू लागल्या, वर काकूंना चहाही पाजू लागल्या.

केंद्रातल्या नर्सताई दर महिन्याला यायच्या. ते हिरवे ठिपके पाहून खूश झाल्या. "बाई, शंभरात तुमचा पहिला नंबर. आता मी नाही आले तरी चालेल." त्यांच्या अहवालात बाईंचा फोटो आहे. त्यात मी बाईंच्या दंडाला बांधलेला आहे, पण बंद.

आज सकाळी बाईंच्या हातातून कप निसटला. जीभ अडखळत होती. काकू घाबरल्या.

"बाई, आज तुमचा हात बांधू."

"नको. तुझाच."

आणि काकूंनी दिला हो हात. ठोके धावत होते, तरी आकडा हिरवाच आला. लगेच मुलाचं उत्तर, "मस्त, आई. माझी काळजी मिटली."

काकू, पट्टा अजून तुमच्याच दंडाला आहे. तो सोडा. बाई रागावल्या तर रागावू देत, पण आधी दवाखान्याची गाडी बोलवा आणि त्या मुलाला खरं सांगा. मला ओरडता येत नाही हो.