पाण्यातला खिळा

तळा गावात आमच्या शेजारी मिरियमआजी राहतात, ज्यू आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला चहाला गेले, तर त्यांच्या पाण्याच्या भांड्यात चक्क लोखंडी खिळा! मला राहवेना. विचारलंच, "हे काय?"

"आज सूर्य वळतो, ऋतू पालटतो. त्या वेळी पाणी बाधू नये म्हणून त्यात लोखंड ठेवायचं. आमचा जुना हिब्रू हिशोब."

माझं डोकंच फिरलं. "अहो, सूर्य एकवीस डिसेंबरलाच उत्तरेला वळला! चुकलेली तारीख इतक्या पिढ्या कशी चालवून घेता?"

त्यांनी हसत चहाचा कप पुढे केला.

पुढच्याच आठवड्यात मी तिळाचे लाडू घेऊन गेले. म्हटलं, "आज आमची संक्रांत. आजपासून सूर्य उत्तरेला वळतो."

मिरियमआजींनी लाडू हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा?"