सेड्रिकचा विरोध

सेड्रिक होलरॉइड 'वेट' आहे, हे यॉर्कशरमधल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे. वेट म्हणजे ओला. शाळेत हा शब्द रडक्या, लेच्यापेच्या पोराला चिकटवत. पुढे पंतप्रधानबाईंच्या राज्यात तो त्यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या मवाळांना चिकटला. सरकारी खर्चावर कुऱ्हाड चालवताना ज्याचा हात अडखळला, तो वेट. सेड्रिक त्याच पक्षाचा, स्थानिक कौन्सिलातला नगरसेवक. त्याला शब्द झोंबायचा, पण मनातून तो सुखावायचाही. आपल्याला काळीज आहे एवढाच त्याचा अर्थ, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये म्हाताऱ्यांचं जेवणकेंद्र बंद करायचा ठराव कौन्सिलात आला. दर बुधवारी तिथे चाळीस जण गरम जेवत आणि ते रांधायची सेड्रिकची बायको म्युरिअल. पक्षाचे गटनेते सग्डेन यांनी सेड्रिकला बाजूला घेऊन सांगितलं, हवं तेवढं बोला, मत ठरावाला द्या. नाहीतर मे महिन्यातली उमेदवारी विसरा.

सेड्रिक बारा मिनिटं बोलला. असा तो जन्मात बोलला नव्हता. लेबरवाल्यांनीसुद्धा बाकं वाजवली. मग मतदान झालं, सेड्रिकचा हात ठरावाच्या बाजूने वर गेला आणि ठराव एका मताने मंजूर झाला.

पक्षात राहूनच काही करता येतं वगैरे त्याने घरी सांगून पाहिलं. म्युरिअलने बटाटे सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"तू विरोध करतोस म्हणून तुला वेट म्हणतात, असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "विरोध करून झाल्यावर तू काय करणार, हे त्यांना आधीच माहीत असतं, म्हणून म्हणतात. केंद्र महिनाअखेरपर्यंत चालू आहे. बुधवारी तिथे दाराशी उभा राहा आणि कुठे मत दिलंस ते तुझ्या तोंडाने सांग जेवायला येणाऱ्यांना."

बुधवारी तो उभा राहिला. वाक्य पाठ केलं होतं. पहिल्या आल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिस टॅप. पेपरात त्याचं भाषण छापून आलं होतं. कुणी कुठे मत दिलं ते मात्र आलं नव्हतं. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"त्यांच्यात तुम्ही एकटेच आमच्या बाजूने उभे राहिलात हो."

सेड्रिकने म्युरिअलकडे पाहिलं. ती पळी हातात धरून थांबली होती.

"कर्तव्यच होतं माझं," तो म्हणाला.

मिस टॅपने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या वाटणीचं अर्धं पुडिंग त्याला काढून दिलं. ते त्याने खाल्लं.