खायच्या धानाची ढोली

गोदावरीबाईंनी पिशवीतून बांबूची कमची काढली आणि दाराच्या चौकटीत आडवी धरली. एक टोक लाकडाला टेकलं, दुसऱ्या बाजूला थोडी जागा उरली. त्या जागेत त्यांनी बोटं घालून पाहिली आणि मान हलवली.

“जाते,” त्या म्हणाल्या.

अंजूनं कडेवरच्या छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. घरमालकीण सुलोचनाबाई मागेच उभ्या होत्या. आईनं आधी मोरी पाहावी, नळ सोडून पाहावा, निदान खिडकी तरी उघडावी, असं तिला वाटत होतं.

“काय मोजून राहिल्या बाई?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“बांबूची विणलेली ढोली हाय माझी,” गोदावरीबाई म्हणाल्या. “खायच्या धानाची. मोठी नाही, कमरेइतकी. पण जिथं मी तिथं ते.”

हे चौथं घर होतं. पहिलं बसस्टँडजवळ, दारूच्या दुकानाला लागून. दुसरं माडीवर, आणि आईच्या गुडघ्यांना जिना म्हणजे डोंगर. तिसरं खरं तर छान होतं, उजेडाचं. पण कमची दारात अडकली आणि आई आत न जाताच वळली. त्या दिवशी अंजू तुमसरच्या भर बाजारातून रागानं पुढे पुढे चालत होती.

“घर तुझ्यासाठी पाहून राहिलो का ढोलीसाठी?”

“दोघीसाठी,” मागून आई म्हणाली होती.

अंजूच्या भावानं, मनिषभाऊनं, दिवाळीनंतर गावाकडचं, सिहोऱ्यातलं जुनं घर पाडायला घेतलं. स्लॅबचं बांधायचं होतं. तोवर म्हणून आईची खाट गोठ्यात गेली, आणि नव्या घराच्या आखणीत तिची खोली कुठं दिसेना. अंजूच्या सासरी दोन खोल्या. एकीत सासू, दुसरीत हे तिघं. तरी नवरा म्हणाला होता, आणा त्यांना. पण गोदावरीबाई लेकीच्या घरी दोन रात्रींच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरून बसत.

सुलोचनाबाईंची मागची खोली मात्र नशिबानंच सापडली होती. गल्ली शाळेच्या मागची. नळ रोज येई, रात्री खांबावर दिवा जळे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. ओसरीवर बाया तांदूळ निवडत बसत. भाडंही कमी, कारण सुलोचनाबाईंना भाड्यापेक्षा सोबत हवी होती.

“एक विचारते, राग नका मानू,” सुलोचनाबाई चहाचा कप पुढे करत म्हणाल्या. “धान घरचं येते ना?”

“म्हंजे?”

“आधी इथं एक म्हातारी होती. बिचारी. पोरानं धान पाठवणं बंद केलं. मंग आज या घरी वाटीभर मागे, उद्या त्या घरी. गल्लीतल्या बाया माझ्यावर उखडल्या. कसे लोक आणून ठेवता म्हणे. शेवटी मलेच तिले जा म्हणा लागलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “ते काम पुन्हा नाही होत माझ्यानं.”

अंजूनं आईकडे पाहिलं. गोदावरीबाई बशीत चहा ओतत होत्या. एक थेंब बाहेर पडला नाही.

“पाच पंचांसमोर वाटणी झाली आमची,” त्या म्हणाल्या. “पोरगा ढोली भरून देते दरसाल. यंदाबी भरली.”

अंजूला बरं वाटलं. भावावर तिचा राग होताच, पण निदान एवढं तरी तो करतो.

सामान आणायला ती गावच्याच भैय्यालालचा छोटा टेम्पो घेऊन सिहोऱ्याला गेली. अंगणात धानाच्या पोत्यांची थप्पी होती, वर ताडपत्री. साल चांगलं गेलेलं दिसत होतं. मनिषभाऊ राइस मिलवर गेला होता. अजून उभ्या असलेल्या खोलीच्या दारात वहिनी आली, छकुलीच्या गालाला हात लावला आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

“सामान भरतो वो वहिनी,” भैय्यालालनं आवाज दिला. “येऊन पाहा, तुमच्या सासूबाई शहरवाल्या होऊन राहिल्या!”

आतून भांड्यांचा आवाज आला तेवढाच.

खाट, गादी, जर्मनची दोन पातेली, ट्रंक. बाबांचा, सेवकरामजींचा, फोटो आईनं स्वतःच्या लुगड्यात गुंडाळला. शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यातली ढोली राहिली. शेणामातीनं नुकतीच लिंपलेली, झाकणही कडेनं लिंपून बंद केलेलं. भैय्यालाल पुढं झाला.

“तू राहू दे,” गोदावरीबाई एवढ्या झटकन म्हणाल्या की तो थबकला. “तू दोर पाहा टेम्पोचा.”

लहानपणी आई अंजूला ढोलीवर थाप मारायला लावायची. पाह, धान कुठवर आलं. भरल्या जागी थाप आतच विरून जायची, रिकाम्या जागी ढब्ब करायची. थाप मारत मारत अंजू खाली जायची, आणि आवाज बदलला त्या जागी आई कोळशानं रेघ ओढायची. पावसाळ्यापर्यंत ती रेघ तळाशी येई.

आता थाप मारायची गरजच पडली नाही. छकुलीला खाटेवर ठेवून अंजूनं ढोलीला दोन्ही हात लावले, पाय रोवले, जोर केला, आणि ढोली एवढी सहज वर आली की ती स्वतःच मागे कलंडली.

गोदावरीबाई गाईच्या दाव्याची गाठ सोडत होत्या. ती आधीच सुटलेली होती.

“माय,” अंजू म्हणाली.

“दुसऱ्या बाजूनं धरतो मी,” आई म्हणाली. “एकटीनं नोको उचलू. बाळंतपणाचं अंग तुझं.”

गोठ्यातून टेम्पोपर्यंत दोघींनी ढोली नेली. थप्पीजवळून जाताना अंजूचे पाय थांबले. आईनं नुसती कमरेनं ढोली पुढे ढकलली, आणि तिला चालावं लागलं.

रस्ताभर भैय्यालाल बोलत होता. अंजू छकुलीला पदराखाली घेऊन बसली होती. विचारायचं होतं ते पुष्कळ होतं. कधीपासून. भाऊ काय म्हणाला. तू मागितलं का. मधे एकदा तिनं तोंड उघडलं, तर आई म्हणाली, “पोरीले उन्ह लागून राहिलं,” आणि हात लांब करून तिनं ऊन अडवलं. तो हात तुमसर येईपर्यंत तसाच होता.

गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा ओसऱ्यांवरच्या बायांनी सुपं खाली ठेवली. नव्या बिऱ्हाडाचं सामान पाहायला कोणाला नको असतं? दोघी-तिघी तर उठून जवळच आल्या.

“हे काय, ढोली वो? किती वर्सानं पाहिली!”

“आम्ही धरतो ना. चार हात लागले म्हंजे पटकन होते.”

एकीनं पदर खोचलाही. गोदावरीबाईंचा चेहरा अंजूनं पाहिला. तिसऱ्या घराच्या दारातून वळल्या तेव्हा, गोठ्यात, कधीच तो असा दिसला नव्हता.

“नको काकू,” अंजू म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. “आमच्यात ढोलीले घरच्याच बाया हात लावतात. आई नाही तं लेक. परक्या हातानं बरकत जाते म्हणतात.”

असं काही त्यांच्यात नव्हतं. भैय्यालाल त्यांच्याच गावचा; त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग दोराची गुंडाळी करायला लागला.

अंजूनं छकुलीला सुलोचनाबाईंच्या हातात दिलं. गुडघ्यात वाकली, बोटं ढोलीच्या बुडाखाली घातली. समोर आई तशीच वाकलेली. दोघींनी एकमेकींकडे न बघता श्वास घेतला.

“हळू,” आई म्हणाली.

“हळू,” अंजू म्हणाली.

दोघी पाय घासत चालल्या. अर्ध्यावर गोदावरीबाईंनी “टेकव जरा” म्हटलं, तेव्हा अंजूनं ढोली तोलून, दबकत खाली ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला. घाम खरा होता.

“जड हाय वो,” बाया म्हणाल्या. “पोरगा चांगला दिसते बाईचा.”

“हो,” गोदावरीबाई धापा टाकत म्हणाल्या. “चांगला हाय.”

पुन्हा उचलली. दारातून ढोली गेली, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून. कोपऱ्यात टेकवून अंजू वळली तर सुलोचनाबाई छकुलीला खांद्यावर घेऊन मागोमाग आत आलेल्या. त्या ढोलीजवळ गेल्या. लिंपणावरून हात फिरवला, जसा कोणीही बाई फिरवेल. आणि हात होता तिथंच, सवयीनं, त्यांनी एक थाप मारली.

ढब्ब.

बाहेर बायांचं बोलणं चालू होतं. सुलोचनाबाईंचा हात लिंपणावर तसाच राहिला. छकुलीनं त्यांचं मंगळसूत्र मुठीत धरून तोंडात घातलं, तरी त्यांनी काढलं नाही.

“किती दिवस पुरते हे?” त्यांनी विचारलं.

अंजूनं काही बोलायला तोंड उघडलं. पण आई आधी बोलली.

“पुरवीन मी.”

सुलोचनाबाईंनी दार लोटलं. बाहेरचा आवाज कमी झाला. मग कनवटीतून खोलीची किल्ली काढून त्यांनी ती ढोलीच्या झाकणावर ठेवली, अगदी सावकाश, आवाज होऊ नये अशी.