जरा मशीन थांबव

"गाणं लागतं हो काका," बेकरीवाला दारातूनच म्हणाला, "पण गाण्याच्या मागे कोणीतरी सारखा कागद चुरगळत असतो."

काकांनी रेडिओ हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि चष्मा वर सरकवला. "तुमच्या भट्टीचा पंखा. मागच्या वेळीच सांगितलं होतं मी."

"पंखा बंद करून पाहिला की."

"मग शेजाऱ्याचा असेल."

शिलाई मशीनवर बसलेल्या काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. ते उघडले असते तर 'नाचता येईना, अंगण वाकडं' हेच बाहेर पडलं असतं, आणि गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला असलं बोलायचं नाही, एवढं पथ्य त्या पाळत. घरात दुसरं कुठलंच पाळत नसत. बेकरीवाला भला माणूस. "बघा जमलं तर, नाहीतर आमची ही म्हणते नवीनच घेऊ," एवढंच म्हणून तो गेला. पण त्याचा रेडिओ दुसऱ्यांदा परत आला होता, आणि बेकरीत दिवसभरात अख्खं गाव येऊन जातं.

घरात मोठी अशी एकच खोली. खिडकीच्या या अंगाला काकांचं टेबल, पोट उघडून ठेवलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी. त्या अंगाला काकूंचं मशीन, ब्लाउजपीस आणि मुलांचे गणवेश. मशीनला मोटर होती, आणि मोटर चालू झाली की टेबलावरचा रेडिओ फरफरायला लागे. त्यामुळे या संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य एकच होतं.

"जरा मशीन थांबव. ऐकू दे मला."

"माझी बाही अर्धी आहे."

"बाही काय पळून जातेय?"

मग काकू कुरकुरत पाय उचलत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. उन्हाळ्यानंतर मात्र काकांनी 'मशीन थांबव' म्हणायचंच सोडलं. काकूंना आधी बरं वाटलं, म्हातारपणी का होईना माणूस निवळला. मग एक दिवस त्यांनी सहज मान वळवून पाहिलं. मशीन धडधडत होतं, रेडिओ फरफरत होता आणि काका त्याला कान लावून अगदी तृप्त चेहऱ्याने मान डोलवत होते. काकू काय समजायचं ते समजल्या. त्या दिवसापासून काकांनी बटणाला हात लावला की त्या आपणहून पाय उचलायच्या आणि सुईत दोरा ओवल्याचं सोंग करायच्या. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. काकांचं गावातलं सगळं नाव त्यांच्या तिखट कानांवर उभं होतं, आणि हे टेबल सुटलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, याची काकूंना धास्ती वाटत होती.

उन्हं कलली तसे काका रेडिओची पाठ लावून उठले. "चल, याला फिरवून आणू."

दुरुस्त झालेला प्रत्येक रेडिओ ते गावाबाहेर फिरायला नेत. "घरात कोणीही गातं. उघड्यावर गाऊन दाखवावं," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. माळावर मोटर नाही, पंखा नाही, विजेची तार नाही. तिथे जी खरखर ऐकू येते ती रेडिओची स्वतःची. काकू बरोबर जायच्या त्या पाय मोकळे करायला, असं त्या सांगत.

शेवटची गल्ली संपली, कालव्याचा पूल ओलांडला. कापलेल्या गवताचा वास सुटला होता. मेंढ्या हाकत येणारा ओळखीचा मेंढपाळ लांबूनच म्हणाला, "काका, आजच्या पेशंटचा ताप उतरला का?" काकांनी नुसता हात वर केला. पूर्वी ते सवाई टोमणा मारल्याशिवाय पुढे जात नसत.

"उतरेल आज," त्यांच्या वतीने काकूंनीच सांगून टाकलं.

चढावरच्या दगडी बांधावर काकांनी रेडिओ ठेवला, एरियल ओढली, बटण फिरवलं. गाणं लागलं. त्याच्या मागे कोणीतरी मन लावून कागद चुरगळत होतं.

"बघ," काका म्हणाले. "आरशासारखा स्वच्छ."

काकू त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. मागच्या खेपेला त्या तेच म्हणाल्या होत्या. पण मग बेकरीवाला तिसऱ्यांदा दारात आला असता, नाहीतर आलाच नसता, आणि ते जास्त वाईट.

"स्वच्छ नाही हो."

"मग तो पंखा..." काका म्हणाले आणि थांबले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गवत होतं, बांध होता, लांबवर मेंढ्या होत्या.

"इथे पंखा कुठून आणणार तुम्ही?" काकूंना हसू आवरेना. काका जरा वेळ गंभीर राहिले, मग तेही हसायला लागले. हसून झाल्यावर काका बांधावर टेकले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही 'मशीन थांबव' म्हणायचं सोडलंत तेव्हापासून."

"मला वाटायचं, तुझा दोरा हल्ली फार तुटतो."

"माझा दोरा? इतक्या वर्षांत तुटलाय कधी?"

"तेच म्हटलं, दोरे चांगले मिळत नाहीत आताशा." काकांनी बांधावरची माती बोटाने उकरली. "जाड आवाज ऐकू येतात गं. बारीक येत नाहीत. तोंडातून काढलं की खरंच होईल, असं वाटायचं. घाबरलो होतो."

"मीपण," काकू म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं. "या दिवसांत इथे चंडोल असायचा."

"आहे की. डोक्यावरच आहे. नुसता कालवा मांडलाय त्याने."

"असू दे," काका म्हणाले, आणि बराच वेळ वरच पाहत राहिले.

मग त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, रेडिओची पाठ उघडली आणि काडीच्या टोकाने आतला एकेक जोड दाबायला सुरुवात केली.

"आता?"

"खरखर आहे."

"आता?"

"आहेच. वाढली."

"आता?"

"थांबली."

"नक्की?"

"माझे कान शाबूत आहेत, अहो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं. "जोड सुटलाय. एवढासा. आणि मी त्या बिचाऱ्या पंख्याला नावं ठेवत बसलो."

उतरताना काकूंनी सगळं ठरवूनच टाकलं. हात काकांचे, कान काकूंचे, आणि आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. काकांनी कशालाच फाटे फोडले नाहीत. हे असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

घरी आल्याबरोबर काकांनी सोल्डरिंगची सळई तापवली. काकू मशीनवर बसल्या, सकाळचा गणवेश पुढे ओढला. मशीन धडधडायला लागलं. जोड बसला, पाठ लागली, स्क्रू फिरले.

"अगं, जरा मशीन थांबव," काका म्हणाले.

"माझी बाही अर्धी आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा पाय केव्हाच वर आला होता.

काकांनी बटण हळूहळू फिरवलं. ते रेडिओकडे पाहतच नव्हते. ते काकूंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काकूंनी डोळे मिटले, नीट ऐकलं आणि मान हलवली. काकांनी बटणावरचा हात काढून घेतला.

मागे कोणी कागद चुरगळत नव्हतं. गाणं संपेपर्यंत काकूंनी मशीनवर पाय ठेवला नाही.