वैनगंगेत सोडलेल्या गोळ्या

आरमोरीजवळच्या आमच्या लहान चर्चमध्ये नवीन येणाऱ्यांना शिकवायला दोन अभ्यासक्रम आले होते. एक चंगाईपासून, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे होण्यापासून, सुरू व्हायचा. दुसऱ्यात येशूचं आयुष्य पहिल्यापासून वाचायचं आणि मनातले प्रश्न विचारायचे. पास्टर प्रफुल्ल यांना पहिला आवडला होता.

"खुशालभाऊ, लोक दुखणं घेऊन येतात. त्यांना आधी तेच सांगावं लागते," ते मला म्हणाले. त्यांनी त्यातला एक पाठ घेऊनही टाकला. कायमचा कोणता ठेवायचा, ते रविवारी उपासनेनंतर ठरणार होतं.

मला चंगाईचा नको होता, पण मी बोललो नव्हतो. माझी बायको अन्नपूर्णा उन्हाळ्यात कॅन्सरनं गेली. साऱ्या मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना केली होती. मी विरोध केला असता तर लोक म्हणाले असते, बाई गेली अन् याचा विश्वासही गेला.

त्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोक सांगतात तेव्हा, कोलू उभा राहिला. जंगलातल्या गावातून बायको मनकर्णा आणि लेक चंचल यांना घेऊन तो नुकताच येऊ लागला होता. चंचलला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, गोळ्या रोज लागतात.

"पाठात सांगितलं, पहिले ज्याच्यावर भरोसा होता ते सोडा," कोलू म्हणाला. "मी ताईत वैनगंगेत सोडला. अन् पोरीच्या गोळ्याबी सोडल्या, पुऱ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चंचलकडे पाहिलं. आईच्या मांडीवर ती पाय पोटाशी घेऊन पडली होती. डोळे पिवळे झाले होते.

"काय दुखून राह्यलं पोरीचं?" मी विचारलं.

"हातपाय," मनकर्णा म्हणाली. "कालपासून जेवली नाई."

"कोलू, हिले आत्ता दवाखान्यात ने."

"भाऊ, साक्ष चालू आहे," पास्टर म्हणाले.

कोलू माझ्याकडे वळला. "तुमच्या बाईसाठी तं सारेच देवाजवळ मागत होते म्हणतात. तिचा विश्वास कमी पडला काय?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाई रे. मरायच्या दिवशीबी तिनं गोळी घेतली अन् प्रार्थनाबी केली. दोन्हीतलं काई सोडलं नाई."

कोलू पास्टरकडेच पाहत राहिला. चंचल कण्हली.

"पास्टरसाहेब, तो तुमच्या शब्दावर थांबला हाय," मी म्हणालो. "सांगा त्याले."

पास्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग खाली आले, चंचलच्या कपाळाला हात लावला.

"कोलू, मी चुकीचं शिकवलं. उचल तिले. गाडी काढतो."

गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्सबाईनं गोळ्यांचं विचारलं. कोलूनं खरं ते सांगितलं.

"नदीले सिकलसेल झाला होता काय?" ती म्हणाली. कोणी हसलं नाही. तिनं चंचलला आत नेलं.

"तिथं प्रार्थना चालते काय?" मनकर्णानं विचारलं.

"चालते, बाई. सुई टोचतानाबी चालते," पास्टर म्हणाले. कोलू आणि मनकर्णा आत गेले.

पास्टर आणि मी बाहेर बाकावर बसलो. आतलं काही कळत नव्हतं.

"दुसराच अभ्यासक्रम ठेवू," पास्टर म्हणाले. "पण त्यात लोक प्रश्न विचारतात. कोलूनं पुन्हा तुमच्या बाईचं विचारलं तं?"

"तं मी सांगन, मले माहीत नाई."

मनकर्णा दारात आली. रक्त चढवणं सुरू झालं होतं, आणि चंचलनं पाणी मागितलं होतं.